मावशींनी विचारलेला प्रश्न

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पापडाचे पीठ कुटायला मला उभे केले तर मी तासभर दमायची नाही. पण हातात काही नसताना चार माणसांपुढे उभे राहायचे म्हणजे माझ्या पोटात गोळाच येतो. त्यातून माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंना मी तीनदा 'नाही' म्हटले. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या यहुदी मावशींबद्दल बोला. एरवी पापड लाटताना बोलताच की!" तेव्हा पापड लाटताना बोलते तसेच आज बोलणार आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

सन २००० साली लग्न होऊन मी ठाण्याला आले. चाळ जुनी, एका गॅलरीत सहा बिऱ्हाडे. आमच्या शेजारच्या खोलीत मावशी एकट्या राहत. यजमान रेल्वेत होते, ते दोन वर्षांपूर्वी वारलेले. मुलगा इस्रायलात. मावशींच्या दाराच्या चौकटीला बोटभर लांबीची एक नळी तिरपी ठोकलेली होती. आत-बाहेर करताना त्या तिला बोटे लावीत आणि मग तीच बोटे ओठांना लावीत. मला वाटले, ताईत-बिईत असेल. लुगडे आपल्यासारखेच, बोलणे तर थेट माझ्या माहेरचे, अलिबागकडचे. आणि एक दिवस त्या मला म्हणाल्या, "मशिदीत जाऊन येते गं. दाराकडे लक्ष ठेव." मी चक्रावलेच! सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "ते लोक निराळे आहेत. आपण आपले बेताने असावे."

तसे मी बेताने राहिले. पहिल्याच वर्षी मावशींनी मलिद्याची ताटली आणून दिली. गोड पोहे, ओले खोबरे, वेलदोडा, वर केळ्याचे आणि सफरचंदाचे तुकडे. त्यांच्या एलियाहू हनबीच्या नावाचा तो प्रसाद. मी हसून घेतला आणि दार लावल्यावर कोनाड्यात ठेवून दिला. संध्याकाळी गॅलरीच्या टोकाला कावळ्यांना घातला. आज सांगायला लाज वाटते, पण घातला. मावशींनी ते पाहिले होते, हे मला पंधरा वर्षांनी कळले.

आमचे बोलणे सुरू झाले ते मासळीवरून. बाजारात एकदा त्या माझ्याबरोबर होत्या. मी कोळंबीचा वाटा घेतला आणि म्हटले, "मावशी, ताजी आहे, घ्या ना." त्या म्हणाल्या, "आम्हांला कोळंबी चालत नाही. खेकडा नाही, मुशी नाही, शिंगाळा नाही. ज्याला खवले आणि पर, तोच मासा आमचा." मी म्हटले, हे काय नवीनच! वाटेने येताना त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली. ती ऐकताना मी चालायची थांबले, कारण निम्मी हकीकत माझ्या माहेरची होती.

नवगावचा किनारा माझ्या माहेराहून दूर नाही. लहानपणी मी तिथे शिंपले वेचले आहेत. फार फार पूर्वी तिथे एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका जिवंत किनाऱ्याला लागल्या, अशी त्यांची परंपरा आहे. बुडालेल्यांना तिथेच पुरले. ती जागा आजही दाखवतात. वाचले त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द मी ऐकलेला होता, पण तो कोणाचा ते कधी विचारले नव्हते. पुढे त्यांची पोथी गेली, भाषा गेली, मराठी ही घरची भाषा झाली. केहीमच्या लोकांनी केहीमकर नाव घेतले, पेणच्यांनी पेणकर, दिव्याच्यांनी दिवेकर. 'शेमा' एवढी एकच प्रार्थना तोंडी उरली, आणि शनिवार, सुंता नि मासळीचा नियम उरला.

मग दावीद रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. तो केव्हा आला याबद्दल विद्वानांचे एकमत नाही म्हणतात, ते जाऊ द्या. त्याला संशय आला की हे आपलेच लोक असावेत. त्याने बायकांपुढे सगळी मिसळलेली मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवल्याची मासळी उचलली आणि बिनखवल्याची बाजूला सारली. का, म्हणून विचारले तर म्हणाल्या, ही आमच्यात चालत नाही. तेवढ्यावरून त्याने ओळखले.

मावशी म्हणाल्या, "बघ, पुरुष सगळे विसरले, पण बायकांची सूप-पाटी विसरली नाही. आणि तो परका माणूस विचारायला आला, म्हणून आम्ही कोण ते आम्हांला कळले. नाहीतर आम्ही नुसते करीत होतो." मला ती तेव्हा मासळीची एक मौजेची गोष्ट वाटली. त्यात आपल्याशी काही असेल हे ध्यानात यायला बरीच वर्षे जायची होती.

मशिदीचा उलगडाही त्या दिवशी झाला. हे लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात. त्यांचे मुंबईतले पहिले मंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. ते कंपनी सरकारच्या पलटणीत होते, टिपूच्या कैदेत पडले आणि जीव वाचला म्हणून परत आल्यावर त्यांनी हे केले. ठाण्यातले १८७९ सालचे. त्याच्यावरून मी शंभरदा भाजी घेऊन गेले होते.

त्यानंतर मी शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. शनिवारी त्या विस्तव पेटवीत नसत. शुक्रवारी दिवे लागायच्या आधी सगळे रांधून ठेवायचे, तेलाच्या वाती लावायच्या, आणि मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सवयीने त्यांची पडलेली दोन भांडी विसळायला उठले. त्यांनी हाताला धरून बसवले. "बस. हात मांडीवर ठेव." भगिनींनो, खरे सांगते, मला ते जमेना! पाच मिनिटांत मी पदराचा दोरा ओढायला लागले. आपल्या हातांचे काय करायचे हे मला ठाऊकच नव्हते. हाताला काम नसले की आपण कोण उरतो, हा विचार मी जन्मात केला नव्हता. त्या शनिवारांमुळे मी वाचायला लागले. मावशींच्या कपाटातली मराठी पुस्तके, मग वाचनालयातली. घरी सासूबाई म्हणत, "शेजारी कसले एवढे काम असते?" मी म्हणे, "काहीच नसते." आणि ते अगदी खरे होते.

आता ज्यासाठी मी उभी आहे ते सांगते. हे सांगण्यासाठी मी मोठ्या जाऊबाईंची परवानगी घेतली आहे. त्या आज इथे आहेत.

माझे मोठे दीर २००९ साली अकस्मात गेले. वहिनींचे वय तेव्हा चौतीस, मुलगा दहा वर्षांचा. आम्ही सगळे एकत्रच राहत होतो आणि आमच्या घरात वहिनींना कोणी वावगे बोलले नाही, हे मी शपथेवर सांगेन. मी त्यांना हातात चहा नेऊन देई. आजारपणात पाय चेपून दिले आहेत. मी स्वतःला फार प्रेमळ जाऊ समजत होते.

संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्याकडे थाटात होई. २०१६ च्या जानेवारीत मी मावशींनाही बोलावले. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. मी म्हटले, "त्यांच्यात कुठे असले काही असते? त्यांना चालते." मावशी आल्या. मी त्यांना पाटावर बसवले, फूल दिले, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. कुंकू त्यांचे त्यांनी हाताने नको म्हटले. मग इकडेतिकडे पाहून विचारले, "मोठी कुठे आहे गं?"

"आत आहेत."

त्या उठल्या, ताटली घेतली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी खाली बसून ताटल्या मांडीत होत्या. दीडशे लाडू त्यांनीच केलेले. दोन दिवस पाक, कूट आणि हाताला बसणारे चटके. मावशी त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि आपला लाडू तिथेच खाल्ला.

रात्री गॅलरीत त्यांनी मला विचारले, "अगं, मी विधवा आहे, हे तुला ठाऊक आहे ना?"

"हो, मावशी."

"मग मला पाटावर बसवलेस आणि तिला चुलीपाशी. ते का?"

मी म्हटले, "तुमच्यात हे पाळत नाहीत, म्हणून."

"म्हणजे मी परकी, म्हणून मला मान. आणि ती घरची, म्हणून तिला नाही. तिच्या हातचा लाडू चालतो, तिच्या हातून दिलेला चालत नाही. मी भांडायला विचारत नाही हो. मला कळत नाही म्हणून विचारते. कशासाठी करता हे?"

मला उत्तर देता येईना. 'पद्धत आहे' हे शब्द तोंडाशी आले, आणि मासळी बाजूला सारणाऱ्या त्या कोकणातल्या बायका आठवल्या. पण त्यांनी जे जपले त्यामुळे त्यांचा समाज टिकला होता. मी जे जपत होते त्यामुळे काय टिकत होते?

त्या रात्री मला झोप आली नाही. आदल्याच जूनमध्ये वहिनींचा मुलगा दहावी पास झाला होता. चांगले मार्क पडले. घरात पेढे आले, पाट मांडला, रांगोळी काढली. औक्षण कोणी केले? मी केले. मुलगा त्यांचा आणि निरांजनाचे ताट माझ्या हातात. वहिनी दाराच्या फळीआड उभ्या होत्या, डोळे पुसत. मी तेव्हा समजले की आनंदाने रडताहेत.

भगिनींनो, दुसऱ्याची चूक सांगणे सोपे असते, म्हणून आता माझी सांगते. मी या घरात आले तेव्हा वहिनी मॅट्रिक झालेल्या, गोऱ्या, हाताला चव, सासूबाईंच्या लाडक्या. मी सातवी, सावळी, खेड्यातून आलेली. नऊ वर्षे प्रत्येक समारंभात त्या पुढे आणि मी मागे. दीर गेले आणि घरातला पहिला मान आपोआप माझ्याकडे आला. पूजेला मी, औक्षणाला मी, ओट्या भरायला मी. त्या मानाची मला गोडी लागली होती. रूढी, सासूबाई, लोक काय म्हणतील, हे सगळे होतेच. पण त्या सगळ्यांच्या आड माझे हे सुख बसले होते. ते मला त्या रात्री दिसले. मी दचकले. माझी अशी ओळख मला कोणी करून दिली नव्हती. आपल्यातल्या कोणी हा प्रश्न विचारलाच नसता, कारण आपल्याला सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक असते.

दुसऱ्या शनिवारी मी मावशींना म्हटले, "तुमच्यात बरे, असले काही नाही." त्या एकदम म्हणाल्या, "कोणी सांगितले नाही म्हणून? कोकणात असताना शेजारच्यांचे पाहून आमच्या लोकांनीही विधवांची लग्ने बंद केली होती. तुमच्याकडून आम्ही पुरणपोळी आणि हिरवा चुडा घेतला, तसे हेही घेतले." आणि मग त्यांनी मला रूथची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या धर्मग्रंथात आहे आणि त्यांच्या एका सणाला वाचतात.

नामी नावाची एक बाई दुष्काळामुळे परमुलखात गेली. तिथे तिचा नवरा वारला, दोन मुलगे वारले. मागे तीन विधवा राहिल्या, ती आणि दोन सुना. सुना परक्या जातीच्या, परक्या देवाच्या. नामी म्हणाली, मी माझ्या देशी जाते, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक गेली. दुसरी, रूथ, सासूला सोडीना. ती तिच्याबरोबर अनोळखी गावी आली आणि जवाच्या कापणीत लोकांच्या शेतात सरवा वेचून तिने सासूला पोसले. पुढे त्या शेताच्या मालकाशी तिचे लग्न झाले, आणि तिच्या वंशात दावीद राजा जन्मला. मावशी म्हणाल्या, "आमचा एवढा थोर राजा, त्याची पणजी परजातीची विधवा. हे आम्ही दरवर्षी वाचत होतो आणि तरी विधवांची लग्ने होऊ देत नव्हतो. तेव्हा वाचून काय होते? कोणीतरी विचारावे लागते."

मला आपल्याकडचे आठवले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली स्वतः एका विधवेशी लग्न केले आणि तीन वर्षांनी विधवांसाठी आश्रम काढला. हे मी शाळेत पाठ केले होते. पण कायदा आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबला होता, आणि आत मीच होते.

तुम्हांला वाटेल, मग मी ताबडतोब वहिनींना हात धरून बाहेर आणले. आणायला गेले होते. २०१७ च्या संक्रांतीला मोठ्या उत्साहाने त्यांना म्हटले, "वहिनी, यंदा तुम्ही बाहेर बसायचे, मी तुम्हांला कुंकू लावणार." त्यांनी लाडू वळायचा थांबवला नाही. खालमानेने म्हणाल्या, "तुझ्या मनाला बरे वाटावे म्हणून मला बाहेर मांडू नकोस. आठ वर्षे तुला दिसले नाही. आता दिसले तर लगेच मी उठायचे का?" मी ओशाळून गेले. मावशींना सांगितले तर त्या म्हणाल्या, "बरोबर बोलली. तिला काय हवे ते तू विचारलेस का?" पाहा, पुन्हा विचारायचेच राहिले होते!

मग विचारले. त्यांना कुंकू नको होते. त्या म्हणाल्या, "ते मी त्यांच्यासाठी लावीत होते, आता मला त्याची हौस नाही. मला वाण द्यायला आवडेल. आणि पोराला ओवाळायला."

ओवाळायचे मुलानेच जमवून आणले. त्याच वर्षी तो बारावी झाला. पाट मांडला, मी ताट घेऊन आले, तर तो पाटावरून उठला, पाट उचलून फिरवला, आईकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "आई, तू." वहिनींचे हात एवढे थरथरत होते की निरांजन विझते की काय असे वाटले. सासूबाई आत निघून गेल्या. पुढे आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वहिनींशी मात्र बोलत होत्या. त्यांच्या मते सगळा फितवा माझा आणि शेजारणीचा. एका अर्थी ते खरेही होते.

२०१८ साली वहिनींनी दारात उभे राहून वाण दिले. दोघीजणी वाण न घेता परत गेल्या. नावे सांगणार नाही. त्यांतल्या एक आज इथे बसल्या आहेत आणि आता आमची चांगली मैत्री आहे. त्या हसताहेत, तेव्हा नाव सांगायची जरूरच नाही.

त्याच पावसाळ्यात आमचे मामंजी गेले. पुढच्या संक्रांतीला सासूबाई आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसल्या आणि दार लोटून घेतले. मला काही सुचेना. मी कोणत्या तोंडाने बोलावणार? वहिनी गेल्या. पाच मिनिटे, दहा मिनिटे, काही आवाज नाही. मग दोघी बाहेर आल्या, वहिनींच्या खांद्यावर सासूबाईंचा हात. सासूबाई खुर्चीवर बसल्या, वाण घेतले, लाडू खाल्ला आणि एवढेच म्हणाल्या, "गूळ कमी पडलाय." मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी त्यांच्याकडे. रूथचे नाव कोणी काढले नाही.

मावशी म्हणजे सगळे शहाणपण आणि आम्ही म्हणजे सगळे अडाणी, असे मात्र कोणी समजू नये. मलाही प्रश्न विचारायची सवय लागली होती. त्यांच्या मशिदीत एकदा त्या मला घेऊन गेल्या. बायका निराळ्या बसतात. प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात. नऊ पुरुष आणि वीस बायका जमल्या तरी ते दहा होत नाहीत! बाहेर आल्यावर मी विचारले, "मावशी, तुम्ही मोजणीत का नाही?" त्या रस्त्यात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जन्मभर गेले, पण हे मनात आले नाही बघ." नंतर आठवडाभर त्या गप्प-गप्प होत्या. मग एका शनिवारी म्हणाल्या, "मला राग आला होता हो तुझा. पण तुझा नव्हता." पुढे त्यांनी आपल्या ओळखीच्या बायकांत हा विषय काढला. काय झाले ते मी विचारले नाही. तो त्यांच्या घरचा प्रश्न, तो त्यांनी सोडवायचा. आपल्याला मात्र एकमेकींच्या घरचे दिसते ते स्वतःच्या घरचे दिसत नाही. मला माझ्या घरचे त्यांच्या खिडकीतून दिसले.

मलिद्याचेही त्या काळात निघाले. मी एकदा मोठ्या आवडीने दुसऱ्यांदा घेतला, तर त्या म्हणाल्या, "आता कावळे उपाशी राहतील." मी पाय धरायला वाकले. त्यांनी पाठीत धपाटा घातला.

२०१९ च्या दिवाळीनंतर मावशी मुलाकडे अश्दोदला गेल्या. वय झाले होते, एकटीने जिना चढवत नव्हता. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी चौकटीवरची ती नळी स्वतः काढली. पुढचे बिऱ्हाड त्यांच्यातले नव्हते, तेव्हा ती ठेवायची नसते. मी स्टूल धरले होते. तिच्या आत त्यांच्या धर्मग्रंथातली वचने लिहिलेली गुंडाळी असते, हे मला एव्हाना ठाऊक होते. स्क्रू गंजले होते. काढल्यावर चौकटीला दोन भोके राहिली, एक वर, एक खाली, तिरपी. पुढच्या माणसांनी रंग दिला तरी ती बुजली नाहीत. येता-जाता माझी बोटे अजून तिकडे जात, आणि मग मी आपली पदर सावरल्यासारखे करी.

तिकडे मराठी बोलणारे आपले पुष्कळ लोक आहेत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघत आले आहे. मावशींचा फोन शुक्रवारी येतो, त्यांच्या वाती लावायच्या आधी. आपल्याकडे तेव्हा रात्रीची जेवणे चाललेली असतात. मोबाइल वहिनींकडे जातो, तो लवकर परत येत नाही. दोघींचे काय बोलणे चालते कोण जाणे. सासूबाई २०२२ साली वारल्या, त्याही शेवटी-शेवटी विचारीत, "यहुदीणबाईंचा फोन आला का?"

त्याच २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांच्या चालीरीती बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. सरकारने त्याचे परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. वर्तमानपत्र वहिनींनी मला वाचून दाखवले. वाचून झाल्यावर त्यांनी घडी घातली आणि म्हणाल्या, "आपल्या मंडळाच्या पत्रिकेवर अजून काय छापतात गं?"

अध्यक्षीणबाई, म्हणून माझी आजची एवढीच विनंती आहे. आपल्या हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर दरवर्षी 'सर्व सुवासिनींस आग्रहाचे निमंत्रण' असे छापतात. गेल्या वर्षीची पत्रिका मी बरोबर आणली आहे, ही पाहा. मजकूर मीच लिहून छापखान्यात दिला होता. इतकी वर्षे हे सगळे होऊनसुद्धा मीच तो शब्द लिहिला, हात सवयीने लिहून गेला! 'सर्व भगिनींस' असे छापले तर छापखाना जास्त पैसे घेणार नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. ज्यांना हे पसंत नसेल त्यांनी बैठकीत उघड बोलावे. मी रागावणार नाही. मीही फार उशिरा शिकले.

घंटा झाली. लाडू वहिनींनी केले आहेत आणि दारात त्याच देणार आहेत. घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये. गूळ यंदा बरोबर पडला आहे.